थकबाकी

अकरा वर्षं मी सात नंबरची बस
करकलाईच्या शेवटच्या थांब्यावर उभी केली,
दांगुओलेच्या दारासमोर, चार दहाला,
आणि चार पन्नासला वळवून बिर्झायला परत नेली.
मधली चाळीस मिनिटं
माझी नव्हती, कंपनीची होती.
गावात सगळे हसायचे:
ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले,
हा बिअरच्या दारात येऊन ताक मागतो.

वास यायचा मात्र.
भाजलेल्या जवाचा, ओल्या पेंढ्याचा,
रास्पबेरीच्या काड्यांवरून गाळलेल्या कोमट गोड पाण्याचा.
इंजिन बंद केलं की पायऱ्या चढून आत यायचा,
तिकीट न काढता,
आणि परतीच्या वाटेवर तिसऱ्या थांब्यापर्यंत
मागच्या सीटवर बसून असायचा.

परवा मार्ग बंद झाला.
एका ओळीची नोटीस: प्रवासी नाहीत.
खोटं नव्हतं ते. शेवटचे सहा महिने
मी, एक शाळकरी मुलगी, आणि तिचं व्हायोलिन.

म्हणून आज आलो सायकल मारत, अकरा किलोमीटर.
दांगुओलेनं काय हवं ते विचारलंच नाही.
विहिरीत सोडलेली बरणी वर ओढत होती,
सासूकडून आलेलं विरजण आहे त्यात,
लढाईच्या दिवसांतही म्हणे मेलं नाही.
हात पुसले, मातीचा मग भरून ठेवला,
लसूण चोळलेल्या काळ्या पावाची तळलेली बोटं,
उकडलेले वाटाणे, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे,
आणि धुरावलेला डुकराचा एक कान.
म्हणाली, "लिउदास, आधी ऐकून घे."

कोठीचं दार तिनं ओढून लावलं.
आतल्या बाजूला खडूच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी,
उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत. वर एकच शब्द: ड्रायव्हर.
"रोज एक ओतत होते तुझ्या नावानं.
दाराशी आलेल्याला कोरडं कसं पाठवू?"

मग प्यायलं कोणी?

कोपऱ्यात विगान्तास चाळणी दुरुस्त करत होता.
एकाएकी ती चाळणी फारच बिघडली.
"वाया जाऊ नये म्हणून," एवढंच पुटपुटला.
अकरा वर्षं हा माझ्या नावानं प्यायला,
माझ्या नावानं घोरला,
एकदा तर माझ्याच नावानं तळ्यात पडला.

पहिला घोट.
लोक सांगायचे, गोड असते. गोड नव्हती.
विझलेल्या भट्टीत हात घातला की
राखेखाली ऊब लागते, तशी काहीतरी;
कडूपणा मागाहून,
निसरड्या वळणावर हळूहळू ब्रेक दाबावा तसा.
फेस जवळजवळ नाहीच.
कानाचा तुकडा चावला, कडकन वाजला.

"एक पूस आता," दांगुओले म्हणाली.
कुठली पुसू?
शोधली ती बर्फाच्या दिवसाची.
गाडी रुतली होती, सगळे प्रवासी इथेच अडकले,
मध्यरात्रीपर्यंत टेबलं बडवत गात होते,
आणि मी दाराशी, किल्ली खिशात,
ताकाचा चौथा पेला हातात घेऊन
सगळ्यांचे कोट राखत होतो.
ती कुठली ते अर्थात ओळखू येईना.
अंदाजानं एकीवर अंगठा फिरवला.

पुढच्या किती पुसल्या, मोजल्या नाहीत.

बाहेर आलो तेव्हा साडेदहा,
आणि जूनचा उजेड अजून घरी जायचं नाव घेत नव्हता.
सायकल भिंतीला टेकलेलीच राहिली.
पाय आपोआप थांब्याकडे गेले.
पत्र्याखालच्या त्या बाकावर
मी अकरा वर्षांत एकदाही बसलो नव्हतो.
वेळापत्रक अजून कोणी काढलेलं नाही.
घड्याळ पाहिलं. वळणाकडे पाहिलं.

विगान्तास आला, शेजारी टेकला,
पुडीतले उरलेले वाटाणे मध्ये ठेवले.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, "आज गाडीला उशीर झालाय."
मी म्हटलं, "ड्रायव्हर कोण आहे कोण जाणे."